किमतीचे कुंपण

स्वीडनच्या हॅसलब्लाड कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये आपला नवा व्यावसायिक कॅमेरा बाजारात आणला आणि अमेरिकेत त्याची किंमत ७,३९९ डॉलर ठेवली. याच मालिकेतला आधीचा कॅमेरा सप्टेंबर २०२२ मध्ये ८,१९९ डॉलरला आला होता. म्हणजे यंत्र अधिक सरस झाले, मधल्या तीन वर्षांत जगभर महागाई वाढली, आणि किंमत मात्र ८०० डॉलरनी उतरली. वस्तू चांगली तितकी महाग, हा सर्वसाधारण समज येथे खोटा ठरतो. किंमत केवळ खर्चातून जन्माला येत नाही, ती ठरवली जाते आणि ठरवणाऱ्याच्या मनात काही हेतू असतो, हे या एका उदाहरणावरूनही ध्यानात यावे.

त्याच्या महिनाभर आधी, ११ जुलै २०२५ रोजी, युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत राजगड आहे. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु मार्गासनीसारख्या गावी त्या एकमेकींना भेटतात. पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरवरून वेल्ह्याकडे निघालेला प्रवासी मार्गासनीला पोहोचतो आणि तेथून साखरमार्गे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याकडे वळतो. या वाटेने जाणाऱ्या बहुतेकांच्या खिशात मोबाईल आणि काहींच्या खांद्यावर कॅमेरा असतो. किल्ल्याला जगाची मान्यता मिळाली की त्याची उत्तम चित्रे हवीत, दस्तऐवज हवेत, ग्रंथ आणि पुस्तिका हव्यात, ही अपेक्षा ओघानेच येते. ती चित्रे कोणी काढायची? पुण्यामुंबईहून येणाऱ्याने, की भोर-वेल्ह्याच्या मातीत वाढलेल्या आणि साखरपुडा, हळद, बारसे, जत्रा यांच्या छायाचित्रांवर पोट भरणाऱ्या तरुणाने? या प्रश्नाचे अर्धे उत्तर कॅमेऱ्याच्या किमतीत दडलेले आहे.

खर्च आणि किंमत

असे कॅमेरे महाग का असतात, याचे एक कारण यांत्रिक आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही तबकडी, जिला व्यवहारात सेन्सर म्हणतात, सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापून काढावी लागते. नेहमीच्या व्यावसायिक कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरची असते. हॅसलब्लाडच्या या कॅमेऱ्यात ती ४४ बाय ३३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे १,४५० चौरस मिलिमीटरची आहे. क्षेत्रफळ पावणेदोन पटीच्या जवळ जाते, पण खर्च त्याहून अधिक वाढतो. कारण एका चकतीतून तुकडे कमी निघतात आणि चकतीवर एखादा दोष असला तर लहान तुकड्याऐवजी मोठा तुकडा वाया जातो. शिवाय संशोधनाचा आणि साच्यांचा खर्च थोड्याच नगांवर वाटला जातो.

दुसरे कारण बाजाराचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ७७ लाखांवर आला. २०२४ साली तो किंचित वाढून ८५ लाखांच्या आसपास गेला. मोबाईलने सामान्य कुटुंबाचा कॅमेरा गिळून टाकला. एके काळी बडोद्यात तयार होणारा 'आगफा क्लिक थ्री' हा मध्यमवर्गीय घराचा कॅमेरा होता. त्याच्या जातीचे स्वस्त यंत्र आज कोणी मागत नाही. गर्दी ओसरली की मागे राहतात ते दोघे: ज्याला कॅमेऱ्यावाचून चालत नाही तो, आणि ज्याला कॅमेऱ्याचा शौक आहे तो. दोघेही अधिक पैसे मोजायला तयार असतात. म्हणून उत्पादकांनी नगांची संख्या सोडली आणि दर नगामागचा नफा धरला. महाग कॅमेऱ्यांची आजची रेलचेल ही त्या धंद्याच्या भरभराटीची खूण नाही, आकुंचनाची आहे.

तीन कुंपणे

या लहानशा बाजारात किंमत कुंपणाचे काम करते. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे, हे तिच्यावरून ठरते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अशी तीन प्रकारची कुंपणे घातलेली दिसतात.

पहिले कुंपण जर्मनीच्या लायकाचे. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत या कॅमेऱ्याने जगापुढे पदार्पण केले. डिजिटल युगाच्या आरंभी कंपनी गोंधळली आणि २००५ साली बँकांनी कर्जाची मर्यादा काढून घेतल्याने बुडण्याच्या बेतात आली. नव्या मालकाने तिला सावरले. पण स्वस्त होऊन नव्हे. २००९ साली तिचा एम-९ हा कॅमेरा ६,९९५ डॉलरला आला, २०२२ साली एम-११ हा ८,९९५ डॉलरला. २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीने ५९ कोटी ६० लाख युरोची विक्रमी उलाढाल नोंदवली. येथे किंमत हाच मालाचा एक गुण आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ सालीच दाखवून दिले होते की काही वस्तू महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात. त्या स्वस्त केल्या तर त्यांचा ग्राहक वाढत नाही, निघून जातो. मात्र या धोरणाचा एक प्रामाणिक फायदाही आहे. किंमत पडत नाही, म्हणून जुन्या गिऱ्हाइकाच्या हातातील यंत्राचे मोलही टिकते.

दुसरे कुंपण हॅसलब्लाडचे. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसांच्या हाती या कंपनीचा कॅमेरा होता. त्या पुण्याईवर तिने २०१२ साली एक विचित्र धंदा केला. सोनी कंपनीचा सुमारे १,२०० डॉलरला मिळणारा कॅमेरा घेतला, त्याला लाकडी मूठ आणि दिखाऊ कवच चढवले आणि 'लूनर' या नावाने सुमारे ५,००० युरोला विकायला काढला. व्यावसायिक छायाचित्रकारांनी त्याची टर उडवली आणि तो प्रयोग लवकरच गुंडाळावा लागला. त्यानंतर कंपनीची किंमत झोके घेत राहिली: २०१६ साली नवी मालिका ८,९९५ डॉलरपासून सुरू झाली, २०१९ साली ५,७५० डॉलरवर उतरली, २०२२ साली ८,१९९ वर चढली आणि आता ७,३९९ वर आली. असे झोके घेणारी किंमत नव्या गिऱ्हाइकाला सुखावते, पण आदल्या वर्षी विकत घेतलेल्याच्या पदरी नुकसान टाकते. त्याच्या जुन्या यंत्राची बाजारातील किंमत एका रात्रीत घसरते.

तिसरे कुंपण जपानच्या फुजीफिल्मचे. तिने याच मोठ्या सेन्सरचा कॅमेरा २०१७ साली ६,४९९ डॉलरला आणला आणि पुढच्याच वर्षी त्याचे साधे रूप ४,४९९ डॉलरला. २०१९ साली दहा कोटी बिंदूंचे चित्र देणारा कॅमेरा ९,९९९ डॉलरला आला. २०२१ साली जवळजवळ तेच सामर्थ्य ५,९९९ डॉलरला मिळू लागले. आधी साय काढून घ्यावयाची, मग दूध वाटावयाचे, अशी ही रीत. ज्याला घाई आहे आणि ज्याची ऐपत आहे त्याच्याकडून प्रथम भारी दाम घ्यावयाचे आणि जो थांबू शकतो त्याच्यासाठी कुंपणाची उंची कमी करावयाची. तिन्हींपैकी हेच धोरण कष्टकरी व्यावसायिकाला सर्वांत जवळचे आहे. कारण त्यात थांबणाऱ्याला शिक्षा नसून बक्षीस आहे.

'कुंपणच शेत खाते' अशी म्हण मराठीत आहे. लूनरच्या बाबतीत तेच झाले. किमतीने प्रतिष्ठा राखावयाची असते. तेथे किमतीनेच प्रतिष्ठा खाल्ली. मालाच्या पोटात काही नसताना केवळ दाम वाढवून मान मिळत नाही, हा त्यातला धडा आहे.

दिवसाचा हिशेब

आता हाच प्रश्न उत्पादकाच्या बाजूने न पाहता मार्गासनीच्या बाजूने पाहू. ७,३९९ डॉलर म्हणजे साडेसहा लाख रुपयांच्या आसपास. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर १ लाख १७ हजारांची भर पडते. एखादी बरी लेन्स घेतली की बेरीज सहज दहा लाखांवर जाते. समजा, ही रक्कम बारा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी कर्जाऊ घेतली. दरमहा सुमारे २२,२०० रुपयांचा हप्ता बसेल आणि पाच वर्षांत १३ लाख ३५ हजारांच्या घरात परतफेड होईल. वर्षाकाठी असा कॅमेरा खरोखर लागणारी पन्नास दिवसांची कामे मिळाली असे उदारपणे धरले, तरी दर दिवसामागे ५,३०० रुपयांहून अधिक निव्वळ यंत्रापायी जातात. त्यात मदतनिसाची मजुरी, प्रवास, संगणक, अल्बमची छपाई आणि स्वतःच्या घामाचे मोल यांतले काहीच आलेले नाही.

शिवाय हप्ता बारमाही असतो, लग्नसराई बारमाही नसते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघू लागतात, उन्हाळ्यात त्यांची गर्दी होते, आणि चातुर्मास लागला की मावळातल्या धो धो पावसात छायाचित्रकाराला काम शोधावे लागते. बँकेला मात्र चातुर्मास नसतो. मुद्रा योजनेत पाच लाखांपर्यंतचे 'किशोर' कर्ज आणि दहा लाखांपर्यंतचे 'तरुण' कर्ज अशा पायऱ्या आहेत. कर्ज मिळते, हे खरे. पण कर्ज मिळणे म्हणजे परवडणे नव्हे, हा साधा भेद अनेक तरुणांच्या ध्यानी हप्ते थकल्यावर येतो.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. दहा कोटी बिंदूंच्या चित्राचे सामर्थ्य कोठे दिसते? भिंतीएवढ्या छपाईत, संग्रहालयाच्या दस्तऐवजात, शिलालेखाच्या झिजलेल्या अक्षरांत, दागिन्यांच्या जाहिरातीत. लग्नाची बहुतेक छायाचित्रे शेवटी मोबाईलच्या वीतभर पडद्यावर पाहिली जातात. तेथे दीड लाखाच्या आणि साडेसहा लाखांच्या कॅमेऱ्यातला फरक वधूवरांना दिसत नाही आणि जो फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. म्हणजे लग्नाच्या कामासाठी असा कॅमेरा घेणे हा व्यवसाय नव्हे, हौस आहे. हौसेला कोणाची हरकत असू नये. मात्र ती कर्जावर केली जाऊ नये.

कराची उंची

उत्पादकाने घातलेल्या कुंपणावर शासन नकळत आणखी एक तार ओढते. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. परंतु हा कर सर्वांना सारखा लागत नाही. शहरातला नोंदणीकृत मोठा स्टुडिओ कॅमेऱ्यावर भरलेला कर आपल्या देय करातून वजा करून घेतो. सेवा पुरवणाऱ्याला वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा खेड्यातला लहान छायाचित्रकार बहुधा नोंदणीबाहेर राहतो आणि त्याला ही वजावट मिळत नाही. त्याने आपण होऊन नोंदणी केली तर गिऱ्हाइकाच्या बिलावर कर लावावा लागतो. ते गिऱ्हाईक म्हणजे मुलीचे लग्न काढलेले शेतकरी कुटुंब. त्याला तो कर कोठूनही परत मिळणार नाही. तात्पर्य, एकच कॅमेरा पुण्याच्या स्टुडिओला साडेसहा लाखांना पडतो आणि मार्गासनीच्या तरुणाला पावणेआठ लाखांच्या आसपास. ज्याची ऐपत कमी त्याच्यासाठी किंमत जास्त, अशी ही उलटी गंगा आहे. लहान नोंदणीबाह्य व्यावसायिकाने आपल्या हत्याराच्या खरेदीवर भरलेला कर काही प्रमाणात परत देण्याची सोय करणे अवघड असेल, पण अशक्य नाही. निदान या अन्यायाची वाच्यता तरी व्हावयास हवी.

कोल्हापूरचा धडा

महागड्या परदेशी कॅमेऱ्यापुढे मराठी माणूस आजच प्रथम उभा राहिलेला नाही. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय करून आणि पुरातत्त्व खात्यात नोकरी करून पाहिलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन बनावटीचा चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. कुंपणाची किंमत मोजून आत शिरण्याचा हा मार्ग होता. त्याने इतिहास घडला, पण फाळक्यांच्या संसाराने त्याचा भार सोसला, हेही विसरता येत नाही.

कोल्हापूरच्या पेंटर बंधूंनी दुसरा मार्ग धरला. परदेशी यंत्रावर विसंबण्याऐवजी कॅमेरा स्वतः घडवावा, हा आनंदराव आणि बाबूराव यांचा ध्यास. १९१६ साली आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साह्याने तो ध्यास पुरा केला. तानीबाई कागलकर यांनी पैशाचे बळ दिले. त्याच घरगुती कॅमेऱ्यातून १९२० सालचा 'सैरंध्री' साकारला, आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले.

आज हा दुसरा मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. लेथवर दंतचक्र घडवता येते, सेन्सर घडवता येत नाही. परंतु त्या कथेचा गाभा कॅमेरा घरी बनवण्यापुरता नाही. एकट्याच्या ऐपतीबाहेरचे साधन अनेकांचे हात आणि एका धनकोचा विश्वास एकत्र आल्याने हाती आले, हा तो गाभा आहे. पुढे प्रवरानगरला धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी हेच तत्त्व साखर कारखान्याला लावले. एका शेतकऱ्याला कारखाना परवडत नव्हता, हजारोंना परवडला.

मालकी की वापर?

भोर-वेल्ह्याच्या भात उत्पादकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मळणीयंत्र प्रत्येकाच्या दारी नसते. सुगीत ते तासाच्या हिशेबाने भाड्याने आणले जाते. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र मालकीचा सोस सुटत नाही. पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. पण तेथवरचा हेलपाटा, अनामत रक्कम आणि ओळखीची अट यांमुळे खेड्यातला व्यावसायिक कचरतो. दहाबारा छायाचित्रकारांनी एकत्र येऊन एक संच घेतला, त्याचा विमा उतरवला, वापराची वही ठेवली आणि दिवसाचा दर ठरवला, तर दहा लाखांचा बोजा प्रत्येकी लाखापर्यंत उतरतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लग्नाचा मुहूर्त सर्वांना एकाच दिवशी असतो. तेव्हा सामाईक कॅमेरा कोणाच्या हाती द्यावयाचा? त्याचे उत्तर वर आलेच आहे. लग्नासाठी असा कॅमेरा मुळी लागतच नाही. त्यासाठी प्रत्येकाचे साधे यंत्र पुरेसे आहे. भारी कॅमेरा लागतो तो दस्तऐवजाच्या कामाला, आणि बुरूज, तटबंदी, पाण्याची टाकी, मंदिरे यांना मुहूर्त नसतो. राजगड हा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतला गड आहे. जागतिक वारशाच्या स्थळाची वेळोवेळी नोंद ठेवणे, पडझड टिपणे, ही आता शासनाची जबाबदारीच आहे. यातला काही भाग स्थानिक छायाचित्रकारांच्या गटांना ठरावीक दराने आणि योग्य प्रशिक्षणासह दिला, तर किल्ल्याची नोंद राहील आणि पावसाळ्याबाहेरच्या मोकळ्या दिवसांना कामही मिळेल. मग भारी कॅमेऱ्याचा दिवसाचा हिशेब जुळू लागेल. काम आधी आणि यंत्र मागून, हा क्रम उलटला की कर्ज तेवढे उरते.

उत्पादकांनाही यात शिकण्याजोगे आहे. लहान बाजार वाढवावयाचा तर केवळ किंमत कमीजास्त करून भागणार नाही. भारतासारख्या देशात अधिकृत भाडेव्यवस्था, जुन्या यंत्रांची हमीसह विक्री, आणि दुरुस्तीसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागू नये एवढी सेवा, या तीन गोष्टी आठशे डॉलरच्या सवलतीपेक्षा अधिक गिऱ्हाइके आत आणतील. व्यावसायिकाला यंत्र स्वस्त हवे असते, त्याहून ते कामाच्या दिवशी चालू हवे असते.

महाग वस्तू असू नयेत, असा याचा अर्थ नाही. उत्तम साधनाला उत्तम दाम असणारच. प्रश्न एवढाच आहे की ते दाम कामाचे आहे की नावाचे, हे घेणाऱ्याने ओळखावे. शाळा-महाविद्यालयांतून छायाचित्रणाकडे वळणारी मुले आज खेडोपाडी आहेत. त्यांना छिद्रमान आणि प्रकाशमानाबरोबर हा हिशेबही शिकवला गेला पाहिजे. कुंपण दुसऱ्याने घातलेले असते. त्यावरून उडी मारावयाची, वळसा घालावयाचा, की चारचौघांनी मिळून फाटक उघडावयाचे, हा निर्णय मात्र ज्याचा त्याने करावयाचा असतो. गड चढणाऱ्याला हे सांगावे लागू नये की सर्वांत उंच कडा हीच नेहमी वाट नसते.